आठ धुणी

दहीपुलाच्या उतारावर, भांडीवाल्यांच्या पुढे,
दहा बाय बाराचं दुकान. नुसती लहान मुलांची कापडं.
काउंटरवरच्या पोरीनं विचारलं,
"डिलिव्हरी कधी झाली, ताई?"
मी भालचंद्रकडं पाहिलं.
तो पंख्याकडं पाहत होता.
"मंगळवारी मिळणार आहे," मी म्हणाले,
जणू गॅसचं सिलिंडर.

ती हसली नाही. शिडीवर चढली.

मग पसारा.
नाडीचे तिकोनी लंगोट.
मलमलीचे चौकोन, चार घड्या घालायचे.
बटणांच्या चड्ड्या, पुढं तीन ओळी बटणांच्या,
म्हणजे बाळ वाढेल तशी चड्डी वाढते,
आत सरकवायचे पॅड, सुती नाहीतर बांबूचे.
आणि वेलक्रोवाल्या. त्या उघडताना अशा चर्रकन ओरडतात
की निजलेलं घर उठून बसावं.
वेलक्रो नको, म्हटलं.
(आमचं घर अकरा वर्षं निजलेलंच आहे,
पण ते तिला कशाला सांगा.)
"मांडी कशी आहे? भरलेली की बारीक?"

मांडीबद्दल काही कळवलेलं नव्हतं.
संस्थेचा एक कागद होता पर्समध्ये:
मुलगी. वय अंदाजे चार महिने. वजन साडेचार किलो.
रंगापुढं काहीतरी लिहून खोडलेलं.
आणि एक फोटो, त्यात गुलाबी कुंची
आणि थोडं कपाळ.

भालचंद्र सातपूरला गेज तपासतो.
केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी चूक त्याला दिसते.
त्यानं लंगोट हातात घेतला,
अंगठा आणि तर्जनीत एक मांडी धरून पाहिली,
बोटं जरा सैल केली,
परत आवळली.
कंपनीत असं कधीच करत नसणार.
"दोन्ही मापं द्या," म्हणाला,
आणि घाम पुसायला खिशातून रुमाल काढला, डिसेंबरात.

पैसे मोजताना पोरगी म्हणाली,
"लगेच नका वापरू हां. नवं कापड पाणी पीत नाही,
वरूनच ओघळतं. सात-आठ वेळा धुवा आधी.
मऊसाबण घाला, सुगंधी काही नको."

गुरुवारपासून धुतेय.
पहिल्या धुण्यानंतर चमचाभर पाणी ओतून पाहिलं.
अळवाच्या पानावर राहतं तसं राहिलं,
मग कडेनं पळालं.
नागबळीची पावती कपाटात आहे अजून, त्र्यंबकची,
दवाखान्यांच्या फायली माळ्यावर,
त्या कोणी म्हटलं नव्हतं धुवा म्हणून.

सिडकोतली गॅलरी, आठ बाय तीन.
दोन दोऱ्या. चोवीस लंगोट, बारा पॅड,
चिमटे कमी पडले तेव्हा भालचंद्रनं फायलींच्या क्लिपा आणल्या.
उन्हाचा पट्टा सकाळी दहाला येतो, दीडला जातो,
मी शाळेतून आल्यावर वास घेऊन बघते वाळलेत का.
समोरच्या इमारतीतल्या खैरनारबाई
रोज दूध तापवताना मोजत असणार.
बाळ दिसत नाही, रडणं नाही,
आणि लंगोट मात्र दररोज ओले.

रविवारी दार वाजलं.
बाईंच्या हातात पिशवी. आत बसल्या नाहीत.
जुन्या पातळाचे चौकोन होते, कडा दुमडून शिवलेल्या,
फिकट निळे, कुठं कुठं वेलीची नक्षी उरलेली.
"हे नका धुवत बसू," म्हणाल्या,
"बावीस वर्षं धुतलेलं आहे."
आणि जिना उतरताना, वळून न बघता,
"मुलगी का मुलगा?"
"मुलगी."
"बरं. रात्री फार ओलं करतात मुली," म्हणाल्या. मुलगेही करतात, बहुधा.

आज सोमवार. आठवं धुणं.
ओट्यावर लंगोट पसरला, चमचा वाकडा केला.
थेंब क्षणभर थांबला,
मग गेलाच आत, काही न बोलता,
खाली ओटा कोरडा.
मी भालचंद्रला हाक मारली. तो चष्मा लावून आला,
खाली बोट फिरवलं, वर बोट फिरवलं,
आणि म्हणाला, "अजून एकदा ओत.
साडेचार किलोचं बाळ चमचाभर नाही करायचं."

वाटी घेतली.